मानसोपचार वॉर्डात पहिली नाइट ड्युटी? एवढं सांभाळ

अगं, घाबरू नकोस. स्किझोफ्रेनियाच्या पेशंटच्या झोपेबद्दल सुरुवातीला तीनच गोष्टी पक्क्या कर.

१. डोळे मिटलेले म्हणजे झोप नव्हे. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. दोनच्या राउंडला डोक्यावरून पांघरूण घेतलेला माणूस दिसतो आणि आपण रजिस्टरला ‘झोप चांगली’ लिहून मोकळे होतो. मीही वर्षभर तेच लिहिलं. मग एक काका सकाळी म्हणाले, “सिस्टर, रात्रभर आवाज बोलत होते, मी नुसता पडून होतो.” तेव्हापासून चहाच्या वेळी प्रत्येकाला विचारते: झोप कधी लागली? किती वेळा जाग आली? उठल्यावर ताजं वाटलं का?

२. येरझारा घालणाऱ्याला रागावू नकोस. बसलं की उठावंसंच वाटतं, पाय स्थिर राहत नाहीत, असं तो सांगत असेल तर तो औषधाचा परिणाम असू शकतो. त्याला अकाथिसिया म्हणतात. डॉक्टरांना लगेच कळव, झोपेची जादा गोळी मागायची घाई नको.

३. दिवस नीट गेला तर रात्र नीट जाते. सकाळी उन्हात फेरी, दुपारची झोप थोडकी, संध्याकाळी चहा-कॉफी नको.

टॉर्च तोंडावर मारू नकोस, जमिनीकडे धर. पण श्वास चाललेला दिसायलाच हवा. जोरात घोरताना मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटला, तर तेही लिही आणि कळव.

झोपेचा दर्जा मोजणारी पिट्सबर्गची १९ प्रश्नांची प्रश्नावली, क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाचे बारकावे सध्या राहू देत. महिनाभराने बसून शिकवते.