नणंदेच्या पिशव्या टांझानियाला नेऊ का?

प्रश्न : मी कोथरूडला राहते. पुढच्या महिन्यात आमचा गिर्यारोहकांचा गट टांझानियातील किलिमांजारो पर्वताच्या मोहिमेवर जाणार आहे आणि परतताना पायथ्याच्या मोशी शहराजवळच्या एका सरकारी प्राथमिक शाळेला आम्ही भेट देणार आहोत. तिथल्या मुलांसाठी काही न्यावे म्हणून मी सोसायटीच्या ग्रुपवर आवाहन केले आणि आता आमचा हॉल जुने कपडे, उरलेली औषधे आणि गोष्टींच्या पुस्तकांनी भरून गेला आहे. नणंदेने दोन पिशव्या भरून ड्रेस पाठवले आहेत. ते नेले नाहीत तर ती दुखावेल. यजमान वैतागले आहेत. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात कोणी काय आणून दिले हे सविस्तर आले आहे, परंतु ज्या शाळेसाठी हे सारे चालले आहे, तिने काय मागितले याविषयी एक ओळही नाही. तेव्हा सर्वप्रथम मोहिमेच्या आयोजकांमार्फत तेथील मुख्याध्यापकांना विचारा आणि त्यांच्याकडून गरजेच्या वस्तूंची यादी व शाळेचे पत्र मागवून घ्या. ते पत्र कस्टममध्येही दाखवता येईल. टांझानियातील सरकारी प्राथमिक शाळांत शिक्षण स्वाहिली भाषेतून होते, त्यामुळे तुमच्याकडे आलेली इंग्रजी गोष्टींची पुस्तके, ती कितीही सुबक असली, तरी तेथील दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या फारशी उपयोगी पडणार नाहीत.

कपड्यांविषयी स्पष्टच सांगते. पूर्व आफ्रिकेत परदेशांतून येणाऱ्या जुन्या कपड्यांचा मोठा व्यापार चालतो. त्यांना तिथे ‘मितुम्बा’ म्हणतात आणि ते बाजारात सर्रास मिळतात. आपल्याकडे २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेले जुने कपडे रस्त्याच्या कडेला ढिगाने पडून राहिले होते, कारण कोळी कुटुंबांना त्यांची गरज नव्हती आणि कोणी त्यांना विचारलेही नव्हते. देणाऱ्यांची माया खरी होती, पण ते ढीग उपसण्याचे काम आपत्तीत सापडलेल्या गावांवरच येऊन पडले, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

एक अपवाद मात्र आहे आणि तो तुमच्या गटाला सहज साधण्यासारखा आहे. किलिमांजारोवर तुमचे सामान वाहणाऱ्या हमालांपैकी अनेकांकडे शिखराजवळच्या थंडीत पुरतील असे कपडे नसतात. मोशीत ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ ही संस्था त्यांना चढाईचे कपडे व बूट विनामूल्य वापरायला देते. तुमच्या गटातील प्रत्येकाने आपले धड स्थितीतील एक विंडचीटर, लोकरीचे हातमोजे किंवा न उसवलेले ट्रेकिंगचे बूट मोहिमेत वापरून शेवटी तिथे दिले, तर वेगळे ओझे न्यावे लागणार नाही. त्याआधी संस्थेला काय हवे आहे ते विचारून घ्या.

औषधे मुळीच नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ पासून सांगत आली आहेत, की रुग्णाला दिलेली व त्याच्याकडून परत आलेली औषधे दान करू नयेत आणि दिलेले औषध पोहोचल्यानंतर त्याची मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी. अर्धी कापलेली, मुदतीची तारीख कातरीत गेलेली पट्टी यात कुठेच बसत नाही. कोणी सीलबंद खोके आणून दिले असेल, तर तेही नम्रपणे परत करा. विमानतळावर तुमच्या बॅगेतील प्रत्येक वस्तूचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागते. शिवाय १ जून २०१९ पासून टांझानियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगांना बंदी आहे व ती पर्यटकांनाही लागू आहे, म्हणून सामान कापडी पिशव्यांतच बांधा.

शाळेची यादी आली, की पेन्सिली, खोडरबर, कंपासपेट्या अशा हलक्या वस्तू अप्पा बळवंत चौकातून किंवा बोहरी आळीतून घ्या. वह्यांसारखे जड सामान मोशीतच विकत घ्यावे, कारण त्यात वजनही वाचते आणि पैसा तेथील दुकानदाराच्या हाती जातो. सोसायटीतील ज्यांना मदत करायची आहे, त्यांच्याकडून आता वस्तूंऐवजी पैसे घ्या आणि खरेदीची पावती ग्रुपवर टाका. हातात वही धरून उभ्या केलेल्या मुलांचे फोटो मात्र कोणी मागितले तरी पाठवू नका. आपल्या मुलांचे असे फोटो परक्यांच्या मोबाइलवर फिरलेले आपल्याला चालले नसते.

आता नणंदेविषयी. तुम्हाला खरी धास्ती याच गोष्टीची आहे, हे पत्रावरून जाणवते. पिशव्या गुपचूप बोहारणीला देऊन तिला ‘पोहोचवले’ असे सांगण्याचा मोह होईल, तो कटाक्षाने टाळा. घरातले खोटे एखाद्या लग्नकार्यात हमखास बाहेर येते आणि तेव्हाचे दुखणे आजच्यापेक्षा मोठे असते. पिशव्या घेऊन स्वतः तिच्या घरी जा आणि म्हणा, ‘तू मनापासून दिलेस, पण शाळेला कपडे नको आहेत. हे इथे कोणाला द्यायचे, ते तूच ठरव.’ हे फोनवर किंवा ग्रुपवर नको. आणि अप्पा बळवंत चौकातील खरेदीला तिला सोबत न्या, कारण तिला तुमच्या कामात सहभागी व्हायचे आहे. ड्रेस हे त्याचे निमित्त होते.

सोसायटीतील उरलेल्या सामानासाठी आठवडाभराची मुदत जाहीर करा, ज्याचे त्याने न्यावे. जे राहील ते कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेला विचारून द्या. त्यांचे लोक जुन्या वस्तू गोळा करून पुनर्वापरासाठी पुढे देतात. यजमानांना हॉल कोणत्या तारखेला मोकळा होईल ते आजच सांगून टाका, आणि मुख्याध्यापकांचे उत्तर येईपर्यंत नवी एकही पिशवी दारातून आत घेऊ नका.