रिओमध्ये एकच सोनेरी चर्च पाहायचं असेल तर कोणतं, आणि कधी जावं?

साओ बेंतो मठाचं चर्च. बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी 1590 मध्ये हा मठ स्थापन केला. आजची इमारत 17व्या शतकातली. दर्शनी भाग इतका साधा की लोक बाहेरूनच परत फिरतात. तसं करू नका! आत खांब, कमानी, भिंती सगळीकडे लाकडी कोरीवकाम आणि त्यावर सोन्याचा वर्ख आहे. जुन्या गोव्यातल्या वेद्या पाहिल्या असतील तर ही पोर्तुगीज शैली लगेच ओळखू येईल, फक्त इथे ती वेदीपुरती थांबत नाही. सुरुवातीच्या कोरीवकामात फ्रेई दोमिंगोस दा कोन्सेइसांव या साधूचा मोठा हात होता.

रविवारी सकाळी 10 च्या मिसाला (सामूहिक प्रार्थनेला) ग्रेगोरियन गायन, म्हणजे चर्चमधलं जुनं एकसुरी प्रार्थनागायन असतं. बाक लवकर भरतात, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा. प्रार्थना चालू असताना फिरणं आणि फोटो काढणं टाळा. कोरीवकाम निवांत बघायचं तर इतर दिवशी जा. हाफपँट आणि बिनबाह्यांचे कपडे नकोत.

मठ टेकडीवर आहे. रुआ दोम जेरार्दो 40 या इमारतीतल्या लिफ्टने चढ वाचतो. जवळची मेट्रो उरुग्वायाना, त्याहून जवळ साओ बेंतो हा ट्रामचा थांबा. रविवारी हा भाग ओस असतो, तेव्हा टॅक्सी थेट दारापर्यंत न्यावी.