फोकस पॉइंट उडतोय म्हणून लगेच रीसेट मारू नका

तुमच्या पोस्टवरून तक्रार मला थोडक्यात अशी कळली: वापरलेला निकॉन डी५०० हा डीएसएलआर कॅमेरा घेतलात. फोकस पॉइंट, म्हणजे कॅमेरा जिथे फोकस करणार ती व्ह्यूफाइंडरमधली छोटी चौकट, कधी मागच्या पॅडच्या बाणांनी हलतच नाही, तर कधी कॅमेरा उभा धरला की भलत्याच जागी जाऊन बसतो आणि आडवा केला की निमूट परत येतो. खालच्या प्रतिसादांत बहुतेकांनी 'सगळं रीसेट करा' म्हटलंय आणि एकाने 'मागचं पॅड गेलंय, बदलून टाका' असं छातीठोक सांगितलंय. माझं मत विचाराल तर यातलं काहीच करू नका, निदान आज तरी. हेच मॉडेल, तेही वापरलेलंच, आणि हाच त्रास मी भोगलाय, म्हणून एवढं लांबण लावतोय.

मी दुरुस्तीवाला नाही, हे आधीच सांगतो. मेनूतले क्रमांक डी५०० चे आहेत, दुसऱ्या बॉडीत पुढेमागे असतील. लेन्सचा स्विच एम (हाताने फोकस) वर नाही वगैरे तुम्ही पाहिलंच असेल, त्यात शिरत नाही.

मुळात हे दोन वेगळे त्रास आहेत आणि तुम्ही त्यांची मोट बांधलीय.

पहिला, पॉइंट हलत नाही. मेनू उघडा आणि त्याच पॅडने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरा. चारही दिशांना मेनू व्यवस्थित सरकत असेल तर पॅड ठणठणीत आहे, ते बदलायला एक पैसाही देऊ नका. मग पॅडभोवतीची ती बारीक कडी बघा. ती एल (लॉक) कडे गेली की पॉइंट कुलूपबंद होतो. बॅगेतून कॅमेरा ओढून काढताना अंगठ्याने किंवा कप्प्याच्या कडेने ती सरकते आणि पत्ताही लागत नाही. कडी बरोबर असेल तर कॅमेरा झोपलाय का बघा. मीटर, म्हणजे कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणं, बंद होण्याची वेळ मुळात ६ सेकंदांवर ठेवलेली असते, आणि मीटर झोपला की बाण दाबून पॉइंट हलत नाही. शटर अर्धवट दाबून जागं करा, मग हलवा. 'कधी हलतो, कधी नाही' या तक्रारीत बरेचदा एवढंच निघतं. राहता राहिला ऑटो-एरिया मोड. त्यात पॉइंट कॅमेराच निवडतो, तुम्ही बाण दाबून काही उपयोग नाही. लेन्सच्या बाजूचं एएफ बटण धरून पुढचं चाक फिरवा आणि सिंगल पॉइंटवर या.

दुसरा त्रास, उडी मारण्याचा. कस्टम सेटिंगमध्ये ए७ उघडा, 'स्टोअर बाय ओरिएंटेशन'. माझी पैज इथे आहे. हे चालू असलं की कॅमेरा आडव्यासाठी एक, उजवीकडे वळवून उभा धरल्यास दुसरा आणि डावीकडे वळवल्यास तिसरा असे वेगवेगळे पॉइंट लक्षात ठेवतो. त्यातला पुढचा पर्याय निवडलेला असेल तर पॉइंटबरोबर एरिया मोडही, म्हणजे पॉइंट कसा निवडायचा ती पद्धतही, बदलतो. म्हणजे आडव्यात सिंगल पॉइंट आणि उभं धरताच ऑटो-एरिया, असंही होऊ शकतं. मग उभ्यात बाण दाबून काही हलत नाही आणि माणूस पॅडला शिव्या देतो. तुमचे दोन्ही त्रास एकाच ओळीत दडलेले असण्याची शक्यता आहे ती अशी.

खात्री करायला सोपी युक्ती आहे. आडव्यात पॉइंट अगदी डाव्या कडेला न्या. कॅमेरा उभा करा, शटर अर्धवट दाबा, आता तो मधोमध आणा. पुन्हा आडवा करा, पुन्हा उभा. दर वेळी न चुकता डावी कड आणि मध्य, डावी कड आणि मध्य असंच दिसत असेल तर ते सेटिंग आहे. खराब झालेलं बटण इतकं शिस्तीत वागत नाही.

सोय म्हणून ही गोष्ट उत्तम आहे. माणसांचे फोटो काढणारा सतत उभं-आडवं करत असतो, त्याला दर वेळी डोळ्यांवर पॉइंट नेत बसावं लागत नाही. आधीच्या मालकाने त्यासाठीच चालू केलं असणार. आता मीही ते चालूच ठेवतो.

आता त्या सर्व्हिस काउंटरबद्दल. नाव घेत नाही. माझी तक्रार मी साध्या शब्दांत सांगितली होती: उभा धरला की पॉइंट सरकतो. काउंटरवरच्या माणसाने कॅमेरा हातात घेऊन उभासुद्धा धरला नाही. न बघताच मागचं बटणांचं युनिट बदलण्याचा अंदाजखर्च लिहून दिला. मी आधी तपासा म्हटलं, तर कॅमेरा कित्येक आठवडे ठेवून घेतला आणि परत देताना कागदावर 'दोष आढळला नाही'. कसा आढळेल? तपासणीआधी त्यांनी सगळी सेटिंग्ज मुळावर आणून ठेवली होती. आधी तापाची गोळी द्यायची आणि मग थर्मामीटर लावून विचारायचं, ताप कुठाय? घरी येऊन मी कार्डावर सेव्ह केलेली सेटिंग्ज परत चढवली आणि पॉइंट पुन्हा उडायला लागला. फोन केला तर उत्तर आलं, 'मग ती सेटिंग्ज वापरू नका.' कुठलं सेटिंग, हे एकालाही सांगता आलं नाही. शेवटी मीच ए पासून एकेक ओळ बंद-चालू करत बसलो आणि ए७ वर गाडी थांबली. हे काम त्यांच्या टेबलावर चहा गार व्हायच्या आत झालं असतं.

म्हणून रीसेटला माझा विरोध आहे. त्याने त्रास जातो, पण कारण कळत नाही, आणि वर बाकीची जमवलेली सेटिंग्जही जातात. शिवाय डी५०० मध्ये कस्टम सेटिंगच्या ए ते डी अशा चार बँका, म्हणजे सेटिंग्ज साठवायचे चार वेगळे संच, आहेत. तुम्ही एक साफ केलीत आणि दुसरी निवडली की जुनं खूळ परत हजर. रीसेट करायचंच असेल तर आधी सेटअप मेनूतून सेटिंग्ज कार्डावर सेव्ह करा. ती फाइल त्याच मॉडेलच्या बॉडीत परत चढते. आणि कॅमेरा दुरुस्तीला देताना ते कार्ड काढून घरी ठेवा, कॅमेऱ्याबरोबर देऊ नका.

मेनूत आहातच तर आणखी थोडं बघून घ्या. ए६ मध्ये, म्हणजे पॉइंटच्या संख्येत, ५५ ऐवजी १५ निवडलं असेल तर पॉइंट मोठमोठ्या ढांगा टाकतो, तो दोष नाही. ए११ चालू असेल तर उजव्या कडेपलीकडे गेलेला पॉइंट डावीकडून उगवतो. पॅडचा मधला भाग दाबला की पॉइंट थेट मध्यावर येतो, हेही मुळातलंच वागणं आहे, नको असेल तर एफ विभागात बदलता येतं. 'जाहिरातीत १५३ पॉइंट, मग मला सगळे निवडता का येत नाहीत' हा प्रश्नही पोस्टमध्ये आहे. १५३ खरेच आहेत, पण हाताने निवडता येणारे ५५ च, बाकीचे मदतनीस. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोहोच वाढवणारा जोड) लावून लेन्सचं सर्वांत मोठं छिद्रच एफ/८ इतकं लहान झालं तर भरवशाचे त्याहून कमी, निवडता येणारे ९.

कॅननवाले वाचत असतील तर ७डी आणि ५डी मार्क ३ मध्येही उभ्या-आडव्यासाठी वेगळा पॉइंट ठेवण्याची सोय आहे. मिररलेस (आत आरसा नसलेला, टचस्क्रीनचा) कॅमेरा असेल आणि पॉइंट कोपऱ्यात पळत असेल तर आधी स्वतःच्या नाकावर संशय घ्या. व्ह्यूफाइंडरला डोळा लावताना नाक टचस्क्रीनला लागतं, डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांना तर हमखास. स्क्रीनला बोट लावून पॉइंट हलवायची सोय (टच पॅड) बंद करा किंवा नाक लागत नाही तेवढाच स्क्रीनचा भाग चालू ठेवा.

पॉइंट जागेवर आहे पण फोटो भलतीकडे शार्प येतोय, हे मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मिसळू नका.

आणि मेनूतही एखादा बाण अडत असेल तर मग मात्र दुरुस्तीला द्या. पावतीवर 'ऑटोफोकस प्रॉब्लेम' एवढंच लिहू देऊ नका. 'मेनूमध्ये डावा बाण चालत नाही' असं, जो बाण असेल तो, त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि काउंटर सोडण्याआधी त्यांच्यासमोर तो बाण दाबून दाखवा.