कुंडीतल्या झाडांना मायकोरायझाची पावडर घालून उपयोग होतो का?

आपण घोडबंदर रस्त्यावरील इमारतीत राहता, बाल्कनीत कुंड्या आहेत आणि रोपवाटिकेतून मायकोरायझाचे (मुळांत राहून झाडाला अन्नद्रव्ये मिळवून देणाऱ्या बुरशीचे) पाकीट घ्यावे की येऊरच्या जंगलातली मूठभर माती मिसळली तरी भागेल, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात वनस्पतिशास्त्र शिकवत असे आणि विद्यार्थ्यांबरोबर मुळांचे रंगवलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा माझ्या आवडीचा भाग होता, म्हणून सविस्तर लिहितो. थोडक्यात सांगायचे तर आपल्या बहुतेक कुंड्यांना त्या पाकिटाची गरज नाही, आणि ज्यांना आहे त्यांत ते घालण्याची पद्धत सहसा चुकते.

स्फुरद (फॉस्फरस) हे अन्नद्रव्य मातीतून फार हळू सरकते. मुळाने आपल्याभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा केला की पलीकडचा स्फुरद तिथवर पोहोचायला बराच काळ जातो. आपल्याकडे कुंड्यांत भरतात त्या कोकणच्या लाल मातीत तर लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे त्याला घट्ट धरून ठेवतात. म्हणजे मातीत स्फुरद असतो, पण मुळाच्या हाती लागत नाही. मायकोरायझा प्रकारच्या बुरशीचे तंतू मूळरोमांहूनही बारीक असल्यामुळे त्या रिकाम्या पट्ट्यापलीकडे काही सेंटिमीटर पसरतात आणि तेथील स्फुरद, तसेच थोडेफार जस्त, मुळाच्या आत आणून पोहोचवतात. ही देवघेव मुळाच्या सालीतील पेशींत, झुडपासारख्या फांद्या फुटलेल्या अतिसूक्ष्म रचनेमार्फत होते. ती पेशीच्या भित्तिकेच्या आत शिरते, पण पेशीपटल फाडत नाही, आणि काही दिवसांतच विरून जाते. मग शेजारच्या पेशीत नवी तयार होते. मोबदल्यात झाड आपण तयार केलेल्या कर्बापैकी साधारण ४ ते २० टक्के भाग साखर आणि स्निग्ध पदार्थांच्या रूपाने बुरशीला देते, आणि हा खर्च काही किरकोळ नव्हे. तरीही जमिनीवरील ७० टक्क्यांच्या आसपास वनस्पतींत हे नाते आढळते. स्कॉटलंडमधील रायनी येथील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही ते दिसते, आणि त्या वनस्पतींना तर खरी मुळेसुद्धा नव्हती.

आता आपल्या कुंडीकडे वळू. ही भागीदारी हवी की नको, हे पुष्कळ अंशी झाडच ठरवते. स्फुरदाची चणचण भासली की मुळे स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्ये मातीत सोडतात आणि ती जाणवताच बुरशीचे तंतू फुटवे काढू लागतात. हे जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिले. (ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला हाच संकेत चोरून ऐकतो आणि त्याचे बी नेमके त्या मुळांजवळ रुजते. शेतकऱ्याला त्रास होतो खरा, पण निसर्गातली ही लबाडी मला नेहमीच थक्क करते.) स्फुरद मुबलक असला की झाड हा संकेत आवरते आणि बुरशीला आत फारसे येऊ देत नाही. म्हणून ज्या कुंडीत आपण महिन्याला डीएपी किंवा १९:१९:१९ यांसारखे स्फुरद असलेले रासायनिक खत घालता, तीत मायकोरायझाची पावडर टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय.

झाडाची जातही पाहावी लागते. पालक, माठ, मुळा, मोहरी, कोबी ही मंडळी या बुरशीशी नाते जोडतच नाहीत, आणि बाल्कनीत हौसेने लावल्या जाणाऱ्या भाज्यांत त्यांचाच भरणा असतो. मिरची, टोमॅटो, वांगे, कढीपत्ता, मोगरा यांना उपयोग होऊ शकतो. लिंबू तर या नात्यावर चांगलेच अवलंबून असते. ऑर्किडची बुरशी वेगळी, ती या पाकिटात नसते.

येऊरची माती मात्र आणू नये. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तेथून काहीही उचलणे गैर आहे, आणि त्या मातीबरोबर सूत्रकृमी (मुळांना लागणारे अतिसूक्ष्म जंत) व मूळकुज यांनाही आपण घरी आमंत्रण द्याल. पावसाळ्यात तेथे उगवणाऱ्या अळंब्या पाहून ही माती बुरशीने समृद्ध असणार, असे वाटणे साहजिक आहे. परंतु कढीपत्ता-लिंबाच्या मुळांत राहणाऱ्या बुरशीला छत्री उगवतच नाही. त्या अळंब्या बहुतेक सडक्या लाकडावरच्या किंवा वारुळावरच्या असतात. त्याचप्रमाणे कोकोपीटमध्ये दिसणारे पांढरे जाळे हेही मायकोरायझा नव्हे. ते सेंद्रिय पदार्थ कुजवणाऱ्या बुरशीचे असते आणि सहसा निरुपद्रवी असते. ते पाहून कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक ओतू नये, कारण त्याचा फटका मुळातल्या उपयोगी बुरशीलाच बसतो.

पाकीट घ्यायचेच असेल तर त्यावर प्रति ग्रॅम बीजाणूंची संख्या आणि वापराची मुदत छापलेली आहे का ते पाहावे, आणि दुकानाबाहेर उन्हात लटकत राहिलेले पाकीट घेऊ नये. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे पावडर वरून भुरभुरण्यात फारसा अर्थ नाही; रोप लावताना खड्ड्यात, मुळांना थेट लागेल अशी घालावी आणि पुढचे दीड-दोन महिने रासायनिक स्फुरद देऊ नये.

फुकटचा मार्गही आहे. गावाकडची, रासायनिक खत न पडलेल्या शेतातली चार ओंजळी माती एका कुंडीत घेऊन तीत मका पेरावा आणि खत न देता तीन महिने वाढू द्यावा. नंतर पाणी तोडून मका वाळू द्यावा, ताटे कापून टाकावीत, बारीक मुळे त्याच मातीत चुरावीत आणि पुढच्या वेळी मिरची किंवा लिंबाचे रोप लावताना त्यातली मूठभर माती मुळांखाली घालावी.