सात हजार दिरहॅमच्या नोकरीचा हिशोब: चिपळूणहून दुबईला निघण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही लोटे परशुरामच्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन टेक्निशियन आहात आणि महिन्याला ४२,००० रुपये हातात पडतात. चिपळूणजवळच्या गावात तुमचे स्वतःचे घर आहे, घरी आई, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी आहे, आणि घराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाचा ९,००० रुपयांचा हप्ता चालू आहे. दुबईच्या जबल अली भागातील एका कंपनीने तुम्हाला महिना ७,००० दिरहॅम पगाराच्या नोकरीचे पत्र पाठवले आहे. एका दिरहॅमचे २४ रुपये धरले तर ही रक्कम १,६८,००० रुपये, म्हणजे आजच्या चौपट होते, तेव्हा सर्वांनी मिळून जावे की एकट्याने, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळचा गुहागर तालुक्यातला असून बरीच वर्षे दुबईत नोकरी करतो. माझे मत असे की या पगारावर एकट्याने येणे निश्चित फायद्याचे आहे, कुटुंबाला घेऊन येणे मात्र नाही. ते का, हे आकड्यांनिशी सांगतो.

चोविसाने गुणण्याची सवय पहिल्यांदा सोडा. दिरहॅमचा दर अमेरिकन डॉलरशी ३.६७२५ असा बांधलेला आहे, त्यामुळे डॉलरपुढे रुपया घसरला की दिरहॅम आपोआप महागतो आणि गावाकडे पाठवलेल्या पैशाचे रुपये वाढतात. पण हा लाभ केवळ पाठवलेल्या पैशाला मिळतो. जो दिरहॅम इथल्या घरभाड्यात, किराण्यात आणि शाळेच्या फीमध्ये जातो, तो इथलाच खर्च आहे आणि त्याचे किती रुपये होतात याला काही अर्थ नाही. म्हणून दोन पगारांची तुलना न करता, दोन्ही ठिकाणी महिनाअखेरीस काय शिल्लक राहते याची तुलना करावी.

आता तुमच्या सध्याच्या शिलकीकडे पाहू. ४२,००० मधून हप्त्याचे ९,००० आणि घरखर्चाचे १८,००० गेले, तर सुमारे १५,००० उरतात. त्यात भविष्य निर्वाह निधी मिळवा. तुमचा मूळ पगार २०,००० असेल, तर १२ टक्क्यांनी तुमचे २,४०० आणि कंपनीचे तेवढेच, असे ४,८०० रुपये दरमहा बाजूला पडतात. ते हातात दिसत नाहीत, म्हणून हिशोबातून निसटतात. दुबईत तुमच्या नावाने असा निधी जमा होणार नाही, हे लक्षात असू द्या. एकूण आज तुमची खरी शिल्लक महिना २० हजारांच्या आसपास आहे.

शिवाय तुमचा घरखर्च १८,००० रुपयांत भागतो तो का, हेही पाहिले पाहिजे. घरभाडे नाही, पाणी विहिरीचे, वर्षाचा तांदूळ बराचसा आपल्या शेतातला, नारळ आणि कोकम परसातले, आणि तुमची पत्नी कामाला किंवा बाजाराला गेली तर मुलीला आई सांभाळते. यांतल्या कशाचीही पावती नसते, त्यामुळे आपल्याकडची माणसे तुलना करताना त्यांची किंमत शून्य धरतात. दुबईत यातल्या प्रत्येक गोष्टीला पैसे मोजावे लागतात. उलट बाजूनेही पाहा: तुम्ही गेल्यावर पावसाळ्यापूर्वीची शाकारणी, भाताची लावणी, आंब्याच्या कलमांची फवारणी आणि राखण ही कामे आता तुम्ही स्वतः करता, ती मजुरीवर करून घ्यावी लागतील. आजकाल गडीमाणूस वेळेवर मिळत नाही आणि मिळाला तरी स्वस्त राहिलेला नाही. कलमे कराराने द्यायची असतील, तर ते निघण्यापूर्वी ठरवून लेखी करा.

एकट्याने आल्यास काय होईल ते पाहू. पुढचे आकडे माझ्या आणि माझ्या ओळखीच्यांच्या अनुभवाचे अंदाज आहेत. भाडी वस्तीप्रमाणे बदलतात. बेड-स्पेससाठी १,००० दिरहॅम, मेस व किराणा मिळून ९००, मेट्रो-बसचा मासिक पास ३५०, फोन आणि पैसे पाठवण्याचा खर्च १५०, किरकोळ ३००, असे २,७०० होतात. वर्षातून एकदा गावी येण्याचे तिकीट आणि सोबत आणायच्या वस्तू यांसाठी महिना ३०० वेगळे काढा. ७,००० मधून ४,००० दिरहॅम उरतात, म्हणजे ९६,००० रुपये. त्यातून घरी ९,००० चा हप्ता आणि तुमच्याशिवायचा घरखर्च १५,००० गेल्यावर ७२,००० रुपये राहतात. आजच्या वीस हजारांपुढे ही शिल्लक साडेतीन पटींहून अधिक आहे आणि ती खरी आहे.

हे बेड-स्पेस म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. एका खोलीत चार ते सहा खाटा, प्रत्येकाला अर्धे कपाट, बॅग खाटेखाली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाळीने. कोणाची रात्रपाळी असते, त्यामुळे दिवसा दिवा लावता येत नाही. कोणाचा फोन मध्यरात्री चालू असतो. चिऱ्याच्या घरात पडवीवर झोपायची सवय असलेल्या माणसाला पहिले काही महिने जड जातात. खोली निवडताना प्लायवूडच्या फळ्या लावून पाडलेले कप्पे घेऊ नका. ते बेकायदा आहेत, आगीचा धोका मोठा आहे, आणि २०२५ मध्ये दुबई नगरपालिकेने अशा जागांवर मोठी कारवाई केली तेव्हा तिथल्या भाडेकरूंना घाईने बाहेर पडावे लागले. शेजारच्या शारजात खाट स्वस्त मिळते, पण तिथून जबल अलीला रोज ये-जा करण्यात जे तास जातात ते पाहता मी तो सल्ला देणार नाही. कंपनी राहण्याची सोय आणि बस देत असेल, तर तेच सर्वांत चांगले.

आता कुटुंबासह. कुटुंबाला व्हिसा देण्यासाठी किमान पगाराची अट ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि कंपनीचे निवास अशी आहे, त्यामुळे ७,००० वर परवानगी मिळण्यात अडचण येऊ नये. परंतु परवानगी मिळणे आणि परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधा स्टुडिओ फ्लॅट वर्षाला ४०,००० दिरहॅमला मिळाला असे धरू, म्हणजे महिना ३,३००. वीज, पाणी आणि त्याच बिलातून वसूल होणारे वार्षिक भाड्याच्या ५ टक्के नगरपालिका शुल्क मिळून ४५०. उन्हाळ्यात एसी दिवसरात्र चालतो तेव्हा हे वाढते. किराणा व मासळी १,५००, मुलीच्या भारतीय शाळेची फी व बस ८००, तिघांचा प्रवास ४००, फोन व इंटरनेट ४००, पत्नी व मुलीचा आरोग्य विमा आणि व्हिसाचा वर्षाचा खर्च वाटून २००, तिकिटांसाठी ३००. बेरीज ७,३५० होते. पगार ७,००० आहे, आणि गावी आईचा खर्च व कर्जाचा हप्ता अजून बाकीच आहे.

आणि हे सगळे सुरू होण्याआधी एकरकमी पैसे लागतात. इथे भाडे महिन्याच्या महिन्याला नव्हे, तर वर्षाचे ठरवून पुढील तारखांच्या धनादेशांनी देण्याची रीत आहे. वर्षाचे चार धनादेश मान्य झाले असे धरा: करारावर सही करताना पहिला १०,००० चा, अनामत ५ टक्के म्हणजे २,०००, दलालाचे साधारण तेवढेच, आणि वीज-पाण्याच्या जोडणीची अनामत २,०००. फ्लॅटमध्ये एक गादीसुद्धा टाकण्यापूर्वी १६,००० दिरहॅम, म्हणजे ३,८४,००० रुपये गेले. त्या अनामती परत मिळतात हे खरे, पण सुरुवातीला ते पैसे जवळ असावे लागतात. मालकाने दोनच धनादेश मागितले, तर पहिला हप्ता २०,००० चा होतो. माझ्या मते दुबईत तिघांनी राहून गावी काही पाठवायचे असेल, तर पगार किमान ११ ते १२ हजार हवा, किंवा घर कंपनीचे हवे. पत्नीला इथे नोकरी मिळेल या भरवशावर हिशोब करू नका. मुलगी लहान आहे आणि सांभाळायला आई जवळ नसेल.

कंपनीच्या पत्रातल्या पगाराची जी फोड तुम्ही दिली आहे, तिच्याकडे मी सर्वांत अधिक लक्ष वेधू इच्छितो. बेसिक म्हणजे मूळ पगार २,८००, घरभाडे २,१००, प्रवास ७०० आणि इतर १,४००. एकूण आकडा चांगला आहे, बेसिक मात्र फार कमी आहे, आणि नोकरीतले बहुतेक हक्क बेसिकवर मोजले जातात. २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या संघीय कामगार कायद्याप्रमाणे एक वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या आणि पुढे दरवर्षी ३० दिवसांच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडतानाची एकरकमी रक्कम, मिळते. २,८०० बेसिकवर वर्षाचे १,९६० दिरहॅम होतात आणि पाच वर्षांचे ९,८००. हेच बेसिक ४,२०० असते, तर पाच वर्षांचे १४,७०० झाले असते. जादा कामाचा वाढीव मोबदला आणि नोकरी संपताना उरलेल्या रजेचे पैसेही बेसिकवरच ठरतात. नोकरी गेल्यास मिळणाऱ्या सक्तीच्या विम्याचेही तेच: महिना ५ दिरहॅम भरून बेसिकच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते, म्हणजे तुम्हाला १,६८०, ज्यात एकट्याचा खर्चही भागणार नाही. म्हणून कंपनीला लिहा की एकूण ७,००० कायम ठेवून बेसिक ४,२०० करावे. नवीन माणसाला असे मागण्याचा संकोच वाटतो, पण हे मागणे रास्त आहे आणि सही होण्याआधीच मागता येते. त्याच पत्रात तिकीट दरवर्षी की दोन वर्षांनी, तेही स्पष्ट करून घ्या.

व्हिसा आणि भरतीचा खर्च कायद्याने मालकाने करायचा आहे. तो पगारातून कापून घेता येत नाही. पासपोर्टही कंपनीला आपल्याकडे ठेवून घेता येत नाही. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बघू’ असे कोणी म्हणाले तर येऊ नका, कारण त्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. नोकरीचे पत्र इथल्या मनुष्यबळ मंत्रालयात नोंदलेले असते आणि पुढचा करार त्याच अटींचा असावा लागतो, तेव्हा ती नोंद स्वतः तपासा. मुंबईतला एजंट असेल, तर तो भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते पाहा. अशा एजंटाला घेता येणारे शुल्क ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातून दोन-तीन पिढ्या माणसे आखातात जात आहेत, तरीही शेत गहाण ठेवून एजंटाला लाखो रुपये देणारी मुले मला आजही भेटतात, आणि फार वाईट वाटते.

पहिल्या महिन्यासाठी ३,००० दिरहॅम जवळ ठेवा. वैद्यकीय तपासणी, ओळखपत्र आणि बँक खाते होईपर्यंत पहिला पगार लांबू शकतो. पदविकेचे प्रमाणपत्र राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा वाणिज्य दूतावास अशा क्रमाने साक्षांकित करून घ्या. पुढेमागे कुटुंबाला आणायचे असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला आणि पत्नीचा पासपोर्ट यांवरील नाव एकच आहे याची आताच खात्री करा. एकावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव असल्याने कितीतरी कुटुंबांचे काम अडते.

शेवटचा मुद्दा तारखेचा. तुम्ही ऑक्टोबरमध्ये रुजू होण्याचे ठरवत आहात. इथे पगारावर आयकर नाही. पण १ एप्रिलपासूनच्या आर्थिक वर्षात तुमचे भारतातले वास्तव्य १८२ दिवस किंवा त्याहून अधिक भरले, तर त्या वर्षी तुम्ही भारताचे रहिवासी ठरता आणि दुबईचा पगारही भारतातल्या उत्पन्नात मिळवला जातो. सहा महिन्यांचे दुबईचे सुमारे दहा लाख आणि लोट्याचे सहा महिन्यांचे पगार एकत्र केले, तर नव्या करप्रणालीत नोकरदाराला मिळणारी १२,७५,००० रुपयांची करमुक्त मर्यादा ओलांडली जाऊ शकते. सप्टेंबरच्या मध्यापूर्वी निघालात आणि मार्चपर्यंत परत फेरी केली नाही, तर हा प्रश्न येत नाही. त्या वर्षीचा गणपती आधी आला तर तो करून निघता येईल, नंतर आला तर कंपनीला रुजू होण्याची तारीख विचारून मग ठरवा. निघाल्यावर बँकेतले सध्याचे बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयाचे, भारतातल्या उत्पन्नासाठीचे) करून घ्या, दुबईचा पैसा एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीच्या) खात्यात आणा, कारण त्यावरचे व्याज भारतात करमुक्त असते, आणि कर्जाचा हप्ता त्याच खात्यातून वळता करा. पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खाते असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, नवे उघडता येत नाही; म्हणून उघडायचे मनात असेल तर निघण्यापूर्वी उघडा.

बेसिक आणि तिकीट यांबाबत कंपनीचे लेखी उत्तर आले की मला कळवा. तोवर लोट्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.