ताईने सांगितलं, आता मी काय करू?

प्रश्न : मावशी, मी २७ वर्षांचा, सिंहगड रस्त्याला आईबाबांजवळ राहतो. ताईचं सासर चिंचवडला, लग्नाला चार वर्षं झाली. गेल्या आठवड्यात तिला स्वारगेटला सोडायला गेलो. बसची वाट बघताना ती अचानक म्हणाली, नवरा मारतो, रात्री नको म्हटलं तरी जबरदस्ती करतो. "आईला सांगू नकोस" म्हणाली आणि बसमध्ये चढली. वाटतंय, चार मित्र घेऊन जावं आणि त्याला धडा शिकवावा. ती अजून तिथे का राहतेय, तेच कळत नाही.

उत्तर : बाळा, खोलीतली जबरदस्ती धाकट्या भावाला सांगताना तिला किती धीर गोळा करावा लागला असेल! तिने विश्वासाने तुला निवडलंय.

मित्रांना घेऊन जाऊ नकोस. तुम्ही तासभर दम द्याल आणि परत याल. दार लागल्यावर आत तीच असेल, आणि माहेरी सांगितल्याचा राग तिच्यावरच निघेल. उद्या तुझ्यावर गुन्हा दाखल झाला, तर तिच्यासोबत धावपळ कोण करणार? शिवाय त्या घरात तिला कुणी विचारत नाही. तूही तिला न विचारता ठरवलंस, तर तिने पुढचं कुणाला सांगायचं?

'तिथे का राहतेस' हे तिला विचारू नकोस. तिला ते 'चूक तुझीच' असं ऐकू येईल. हातात पैसे नसतील, 'परत पाठवलेली मुलगी' म्हणवून घ्यायची भीती असेल, कदाचित तुझं लग्न जमायचंय म्हणूनही ती गप्प असेल. आणि बाई घर सोडायला निघते तेव्हा मारहाण अनेकदा वाढते, हे तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

तिला प्रत्यक्ष भेट. यातलं काहीही व्हॉट्सॲपवर लिहू नकोस, तिचा फोन तो बघत असू शकतो. एवढंच म्हण : "ताई, माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काही चूक नाही. मी काय केलं तर तुला बरं वाटेल?" मग गप्प राहा. ती रडेल, किंवा "जाऊ दे, विसर ते" म्हणेल. म्हणू दे. तपशील उकरू नकोस.

एक मात्र जरूर विचार : त्याने कधी गळा दाबलाय का, जिवे मारायची धमकी दिलीय का? गळा दाबणं हे जिवावरच्या धोक्याचं लक्षण आहे. वरून खूण दिसली नाही तरी डॉक्टरांना दाखवावंच लागतं. दोघांत एक साधा शब्द ठरवा. तो शब्द फोनवर आला की तू लगेच ११२ हा पोलीस मदतीचा नंबर लावायचा.

सज्ञान बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपला फौजदारी कायदा अजूनही बलात्कार मानत नाही. मला याची फार चीड येते. पण २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो. त्याखाली घटस्फोट न मागताही संरक्षणाचा आदेश, त्याच घरात राहण्याचा हक्क आणि खर्चासाठी पैसे मागता येतात. अर्जासाठी याच कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात. शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जबरदस्तीनंतर दिवस राहण्याची भीती असेल, तर गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. पोलिसांत तक्रार केलेली नसली तरी उपचार मिळतात. हे सगळं तिला एकदा सांगून ठेव, मागे लागू नकोस. वळ उठले असतील आणि तिची इच्छा असेल, तर फोटो तुझ्याकडे ठेव, तिच्या फोनमध्ये नको.

आईला तिच्या परवानगीशिवाय सांगू नकोस. जिवाला धोका दिसला तर मात्र थांबू नकोस, आणि तसं तिला आधीच सांगून ठेव.

हे पोटात ठेवून तुला झोप लागत नसेल. १८१ या महिला हेल्पलाइनवर तूही फोन करून विचारू शकतोस. ताईचं नाव न सांगता विचार, आणि तिला भेटायच्या आधीच विचार.