आधी दाणा बघ

प्रिय मुली,

तुझी फाइल पाहिली. तांदळाच्या जीनोममधून, म्हणजे सगळ्या जनुकांच्या संचातून, काढलेली संभाव्य अ‍ॅलर्जनची (अ‍ॅलर्जी आणणाऱ्या प्रथिनांची) यादी संपता संपत नाही, आणि यातलं खरं काय धरायचं, असं तू विचारतेस.

यादी लांब येणारच. तू लावलेला कोडेक्सचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेचा, 2003 चा निकष, ज्ञात अ‍ॅलर्जनशी 80 अमिनो आम्लांच्या पट्ट्यात 35 टक्क्यांहून जास्त साम्य, मुद्दाम सैल ठेवलेला आहे. धोका नजरेतून सुटू नये, एवढ्यासाठीच तो आहे. त्यात बसलं म्हणजे अ‍ॅलर्जन ठरलं, असं नाही. आधी दाणा बघ.

तुझ्या वरच्याच ओळींत बीटा-एक्स्पान्सिन नावाची प्रथिनं आहेत. त्यांतलं ओरी एस 1 हे परागकणांतलं प्रथिन. भात फुलोऱ्यात असताना बांधावरच्या माणसाला ते शिंका आणेल. ताटातल्या भाताशी त्याचा काय संबंध? ते जनुक दाणा भरताना चालू असतं का, हे एक्स्प्रेशनच्या डेटात, म्हणजे कुठलं जनुक कुठे-कधी चालू असतं त्या नोंदींत, बघायला असा कितीसा वेळ लागतो?

उलट 14 ते 16 किलोडाल्टनची अमायलेज-ट्रिप्सिन रोधक प्रथिनं खरोखर दाण्यात असतात, आणि जपानी रुग्णांच्या सीरममधल्या (रक्तद्रवातल्या) आयजीईने, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडाने, ती पकडलीही आहेत. तिथे अँटिसेन्स हे जनुक दाबण्याचं तंत्र वापरून ती कमी करता आली, पण संपली नाहीत, कारण एक जनुक दाबून भागत नाही. अख्खं कुटुंब आहे. 33 किलोडाल्टनचं ग्लायॉक्सलेज तर चयापचयातलं साधं एन्झाइम. तेही सीरमनेच दाखवलं. नुसतं साम्य शोधत बसलं असतं कुणी, तर सापडलं असतं?

खात्रीचे रुग्ण आणि त्यांचं सीरम मिळवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. बरोबरीचे याद्या छापून पुढे गेले, त्याची हळहळ आजही वाटते. पण सीरमशिवाय एकाही प्रथिनाला मी अ‍ॅलर्जन म्हटलं नाही. हट्टी म्हणाले, म्हणोत. मी बरोबरच होतो.

आणखी एक. तुझा संदर्भ आहे निप्पॉनबारे, 2005 साली जाहीर झालेला जपानी वाणाचा जीनोम. तुला सांगायचंय आंबेमोहोराबद्दल. रोधकांची जनुकं सातव्या गुणसूत्रावर एकमेकांना चिकटून बसलेली आहेत. छोट्या रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) जुळवताना एका जनुकाची रीड दुसऱ्यावर सहज जाते. तिथले आकडे पुन्हा तपास.

मग यादी परत पाठव. प्रत्येक नावापुढे दोन रकाने कर: दाण्यात दिसतं का, सीरमने ओळखलंय का. दुसरा बहुतेक ठिकाणी रिकामा राहील. राहू दे. गाइडनी कितीही घाई केली तरी तिथे ‘संभाव्य’ लिहून तो भरू नकोस.